पार्किंगच्या पुढे

मी स्टेपनी बोलतेय. डिकीतलं पाचवं चाक. माझ्या नावावर विनोद करायचा असेल तर आत्ताच उरकून घ्या. नंतर मी कुणाला हसू देणार नाही.

कारखान्यातून आम्ही पाच जणी एकदम निघालो. एका साच्यातल्या, एका वासाच्या. चौघींना रस्ता मिळाला, मला अंधार. माझ्या अंगावर बॅगा, पाण्याचे कॅन, लोकांचे चिखलाचे बूट. एखादी पंक्चर झाली की माझी आठवण, काम झालं की परत आत. माणसांची रीतच ही. अडीनडीला धावणाऱ्याला अडगळीत टाकायचं.

आमचा मालक घरातला थोरला मुलगा. सीझनभर तो पर्यटकांना फिरवायचा. किल्ले, जुन्या राजांच्या कबरी, बागा, अभयारण्य. गाडी पार्किंगला लागली की पर्यटक आत, ड्रायव्हर बाहेर, हा धंद्याचा नियम. गाडी सोडून गेला आणि काच फुटली तर? मग तो मला बाहेर काढायचा, झाडाखाली आडवी टाकायचा आणि माझ्यावर बसून डबा खायचा. समोर भिंत. भिंतीपलीकडे किल्ला.

पर्यटक दमून, खूश होऊन परतायचे.

"काय जागा आहे हो! तुम्ही तर शंभरदा पाहिली असेल!"

"हो ना," तो म्हणायचा.

एकदाही पाहिली नव्हती. त्या लोकांचा मला राग आहे. त्यांच्या बॅगा मी आजही वासावरून ओळखेन.

ऑफ-सीझनला गाडी दारात उभी असते. तेव्हा आईला आणि धाकट्या भावाला घेऊन जायचं, असं त्याने ठरवलं. आधी किल्ला, मग कबरी, शेवटी अभयारण्यात मुक्काम. माझी हवा तपासता तपासता तो धाकट्याला सांगायचा, "गर्दी नाही, रांग नाही, खोल्या निम्म्या भावात. हरणंच आपल्याला बघायला येतील, बघ!"

"आणि गाडीपाशी कोण थांबणार?"

"कोणी नाही. मरू दे गाडी."

गाडी राहिली. तो मेला.

साधा ताप होता. त्याने अंगावर काढला, कारण सीझन संपत आला होता आणि बुकिंग सोडवत नव्हतं. सीझन संपला, तोही संपला. 'देवाला आवडला,' असं दारात कुणीतरी म्हणालं. देवाला ड्रायव्हर हवा होता तर स्वतःचा ठेवायचा.

माणसं भेटून गेली आणि आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा, गाडीसाठी गिऱ्हाईक घेऊन आला. डिकी उघडून त्याने मला टिचकी मारली. "स्टेपनी बघा, नवीकोरी!"

धाकटा धावत बाहेर आला. "गाडी विकायची नाही. आधी सहल."

"घरातला माणूस गेलाय आणि तुला सहल सुचतेय?"

"मला नाही सुचलेली. दादाने ठरवलीय."

"थांब, तुझ्या दादाचं ठरवणं बघू." मामाने तिथूनच अभयारण्याच्या कचेरीत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा समोर धरला. पलीकडचा माणूस म्हणाला, "या महिन्यांत जंगल बंद असतं. सीझनला या."

मामा हसला. "जन्मभर तिथे गाडी नेली आणि एवढं ठाऊक नाही? वा रे ड्रायव्हर!"

धाकट्याने लाथ घातली. मामाला घालायची होती, बसली मला.

तेवढ्यात आई उंबऱ्यात आली. कितीतरी दिवसांनी बोलली. "त्याला कसं ठाऊक असणार? बंद असायचं तेव्हा तो घरी असायचा. उघडं असायचं तेव्हा त्याला आत कोणी नेलं?"

मामाचं हसू गेलं. "ताई, गिऱ्हाईक हातचं जाईल."

"जाऊ दे. किल्ला तर उघडा आहे ना? उद्या किल्ला, मग कबरी. जंगल उघडेल तेव्हा जंगल. तोवर या गाडीला हात लावून तर बघ!"

गिऱ्हाईक गेलं. मामाही गेला, फाटक आपटून.

आता धाकटा माझ्यात हवा भरतोय. जास्तच भरतोय. दादाने गाडी चालवायला शिकवलं, हवा भरायचं राहून गेलं, आणि आता शिकवणारा राहिला नाही ना. शिव्या देतोय, पंप दाबतोय, रडतोय, परत पंप दाबतोय. मी त्याचं सांत्वन करणार नाही. मला ते येत नाही, आणि त्याने मागितलेलंही नाही.

उद्या किल्ल्याच्या पार्किंगमध्ये आमची एकच गाडी दिसेल. जवळ येऊ नका. काचेतून डोकावू नका. आणि 'अहो, ड्रायव्हर कुठेय?' म्हणून हाका तर मुळीच मारू नका.

तो आत गेलाय.