सहाशे चाळीस मैल

शनिवारी सकाळी साडेनऊला सुमेधाचा फोन आला.

"तो माणूस आलाय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तू ये गं. तू समोर नसलीस तर माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही."

मी चहा तसाच ठेवून निघाले. या प्रकरणात निम्मा वाटा माझा होता, आणि आपला वाटा कुठे, कधी आणि किती, हे मला बरं कळतं.

तो माणूस म्हणजे गिऱ्हाईक. सुमेधाचे यजमान जगन्नाथराव काणेकर आपली रॅम्बलर विकायला निघाले होते. त्रेसष्ट सालची, फिकट हिरवी, लहानखुरी गाडी. सत्तर साली इथे परदेशात शिकायला आले तेव्हा एका प्रोफेसरकडून घेतलेली. आमच्या शॉमबर्गमधल्या मराठी घरांत त्या गाडीला जवळजवळ माणसासारखा मान होता. तिच्या पुढच्या सीटची पाठ पार मागे पाडली की पलंग होतो, आणि लग्नानंतर हे दोघं यलोस्टोनला गेले तेव्हा त्या पलंगावर झोपून मोटेलला टांग मारली होती, ही गोष्ट जगन्नाथराव प्रत्येक पार्टीत सांगत आणि सुमेधा प्रत्येक पार्टीत उठून स्वयंपाकघरात जाई.

त्र्याहत्तर साली पेट्रोलच्या टंचाईत गॅस स्टेशनवर मैलभर रांगा लागल्या, तेव्हा आमचे डॉक्टर लोक आपल्या जहाजासारख्या गाड्यांत बसून डुलक्या काढत होते आणि जगन्नाथराव शिट्टी वाजवत बाजूने निघून जात. एकोणऐंशीला पुन्हा तेच. एक गॅलनला चोवीस, पंचवीस मैल. थापा नव्हेत, लेखी पुरावा होता. लाल पुठ्ठ्याची वही, पुण्याहून मागवलेली. प्रत्येक वेळी टाकी भरली की तारीख, मीटरचा आकडा, गॅलन आणि भागाकार. चौदा वर्षांत एक ओळ चुकली नव्हती. अशी वही ठेवणारा नवरा घरात असला की बाईला दुसरं घड्याळ लागत नाही.

आणि चौदा वर्षांत त्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. एकदाच, शहात्तर साली, त्यांनी सुमेधाला मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवायला घेतलं. दहा मिनिटांत "क्लच! अगं क्लच! माझा क्लच!" असं अकरा वेळा ओरडून झाल्यावर सुमेधा खाली उतरली आणि चालत घरी गेली. तेव्हापासून, "तुला काय गरज? मी आहे ना."

ते होते, पण संध्याकाळी सहानंतर. दिवसा ऑफिस, आणि त्यासाठी पाच इंजिनियरांचं कारपूल, रोज एकाची गाडी. त्यांची पाळी शुक्रवारी. सोमवार ते गुरुवार रॅम्बलर दारात उभी, तिची दुसरी किल्ली खिळ्याला, आणि सुमेधा घरात बसलेली.

या फेब्रुवारीत ती माझ्याकडे आली. "मालिनी, मला शिकव."

मी शिकवलं, दिवसा, त्याच रॅम्बलरवर. आणि जगन्नाथराव रोज संध्याकाळी मीटर बघतात म्हणून डॅशबोर्डच्या मागे हात घालून मीटरची केबल कशी सोडवायची आणि परत कशी जोडायची, तेही शिकवलं. सांगलीला माझ्या वडिलांचं मोटार दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. कुणी भरतकाम शिकतं, मी हे शिकले. केबल सुटली की गाडी चालते, मीटर झोपतं.

आकड्यांना फसवलं असं आम्हाला वाटलं. पेट्रोलला कोण फसवणार? टाकी रिकामी होत होती आणि मैल वाढत नव्हते. मार्चमध्ये वहीतला भागाकार एकवीसवर आला. जगन्नाथरावांनी प्लग बदलले. एप्रिलमध्ये एकोणीस. कुणी रात्री नळी घालून पेट्रोल चोरतंय असं वाटून त्यांनी टाकीला किल्लीचं झाकण आणलं. किल्ली स्वतःच्या जुडग्यात. मेमध्ये अठरा. कार्बुरेटर उघडला, टायरमध्ये हवा मोजली, डिकीतला जॅकसुद्धा वजन नको म्हणून काढून ठेवला. सप्टेंबरमध्ये जेवता जेवता म्हणाले, "इंजिन थकलं. माझ्याच्यानं बघवत नाही." आणि पेपरात जाहिरात दिली.

म्हणजे गंमत बघा. ज्या गाडीवर बाई शिकली, ती गाडी बाई शिकली म्हणूनच विकली जात होती. आणि सुमेधाला ती आता हवी होती, शिकायला नव्हे. मिरजेला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सहा वर्षं काम केलेली बाई. एल्जिनच्या एका क्लिनिकने तिला लॅबमध्ये घेतलं होतं. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं. तिकडे बस जात नाही. लायसन्स जूनमध्येच मिळालं होतं, माझ्या गाडीवर परीक्षा देऊन. ते पर्समध्ये देवाच्या फोटोमागे. नवऱ्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"सांग ना त्यांना," मी तीन आठवडे म्हणत होते.

"सांगते गं," ती तीन आठवडे म्हणत होती.

मी पोचले तेव्हा गिऱ्हाईक गाडीभोवती फिरत होतं. वॉल्टर नोवाक, पासष्टीचा, केनोशाहून आलेला. बावीस वर्षं तिथल्या कारखान्यात त्याने याच गाड्यांना दारं बसवली होती. त्याने ड्रायव्हरचं दार उघडलं, मिटलं, आवाज ऐकला, पुन्हा उघडलं.

"हे मी बसवलेलं असू शकतं," तो म्हणाला. "त्या काळी लोक हसायचे आम्हाला. खेळण्यातली गाडी बनवता म्हणायचे. मी हनिमूनला गेलो हिच्यातून, जाऊन-येऊन एका टाकीत. आता सगळे जपानकडे बघतात. अरे, आम्ही वीस वर्षं आधी केलं होतं की!"

जगन्नाथरावांचे डोळे भरून आले. त्यांनी लाल वही त्याच्या हातात दिली, मुलीचा हात द्यावा तशी. वॉल्टरने सावकाश पानं उलटली. शेवटच्या पानांवर थांबला.

"अठरा? हिला काय झालं?"

"म्हातारी झाली," जगन्नाथराव म्हणाले. "मी लपवणार नाही."

"छे! ही गाडी अशी म्हातारी होत नाही." त्याने किल्ली मागितली. "टाकी काठोकाठ भरू, पन्नास मैल फिरू, पुन्हा भरू. बघूच."

सुमेधाने माझा दंड असा धरला की बांगडी रुतली.

"अहो," ती म्हणाली, "कशाला उगाच? घ्यायची तर घेऊ दे, नाहीतर..."

"अगं, बघू दे ना त्याला. आपलं काय जातंय?"

वॉल्टर चालवायला, शेजारी वही घेऊन जगन्नाथराव, मागे आम्ही दोघी. ऑक्टोबरचं ऊन, दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं. पुढे दोन पुरुष एका गाडीच्या प्रेमात पडून बोलत होते आणि मागे आम्ही मीटरकडे डोळे लावून बसलो होतो. मराठीत बोलावं तर नवरा ऐकणार, इंग्रजीत बोलावं तर दोघंही. मी तिला कोपर मारलं. तिने मान हलवली. मी पुन्हा मारलं. तिने पर्स घट्ट धरली.

"इंजिन कसं वाटतंय?" जगन्नाथरावांनी विचारलं.

"मांजरीसारखं," वॉल्टर म्हणाला.

बावन्न मैलांनी आम्ही, निघताना टाकी भरली होती त्याच गॅस स्टेशनवर परत आलो. जगन्नाथरावांनी झाकणाची किल्ली लावली. वॉल्टरने पेट्रोल भरलं, गाडी हलवली, आणखी थेंब थेंब भरलं. पंपावरचा आकडा थांबला. दोन पॉइंट एक गॅलन.

वॉल्टर हसला. जगन्नाथराव हसले नाहीत. त्यांनी भागाकार केला. खोडला. पुन्हा केला.

"चोवीस पॉइंट सात."

"मी म्हटलं नव्हतं? चला, विक्रीचे कागद करू."

घरी येऊन वॉल्टरने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. त्यात एक ओळ होती की मीटरवरचा आकडा विकणाऱ्याच्या माहितीप्रमाणे खरा आहे, खाली सही. जगन्नाथराव कुठलाही फॉर्म, अगदी मासिकाच्या वर्गणीचासुद्धा, पहिल्या अक्षरापासून वाचतात. त्यांनी तो वाचला. पेन उघडलं. आणि मग फॉर्म बाजूला सारून वही ओढली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सुमेधा खुर्चीच्या पाठीला धरून उभी. घरात फक्त पेनाची खरखर.

"फेब्रुवारीपासून शहाण्णव गॅलन," ते मराठीत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "वहीत सतराशे तीस मैल. गाडी ठणठणीत आहे, तर तेवीसशे सत्तर व्हायला हवे होते. सहाशे चाळीस मैल कमी."

"चोरी असेल," मी म्हणाले. म्हणू नये ते म्हणाले.

"झाकणाला एप्रिलपासून किल्ली आहे, वहिनी. पेट्रोल बाहेर गेलेलं नाही. जळलंय." त्यांनी मान वर केली. "ही गाडी माझ्याशिवाय सहाशे चाळीस मैल चाललीय. आणि मीटर बंद ठेवून चाललीय."

"काही अडचण आहे का?" वॉल्टरने विचारलं.

"एक मिनिट," जगन्नाथराव त्याला म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावलं. "मी यावर सही करू शकत नाही. हा आकडा खोटा आहे. कुणी केला ते मला माहीत नाही."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. मला वाटतं, तेव्हा त्यांना कळलं होतं.

सुमेधाने पर्स उघडली. देवाचा फोटो आधी पडला, मग लायसन्स. तिने ते फॉर्मवर, बरोबर सहीच्या जागी ठेवलं.

"मी केला," ती म्हणाली. आधी मराठीत, मग वॉल्टरसाठी इंग्रजीत. "आणि सोमवारपासून मला ही गाडी लागणार आहे. एल्जिनला नोकरी मिळालीय मला. सकाळी आठला."

जगन्नाथरावांनी लायसन्स उचललं. फोटो पाहिला, तारीख पाहिली, मागची बाजू पाहिली.

"जून," ते म्हणाले. "जूनपासून? आणि मी दर रविवारी गाडीखाली पडून... तू मला लिंबू सरबत आणून देत होतीस!"

"मग काय करू? उन्हात तसंच ठेवू?"

"मी कार्बुरेटर उघडला, सुमेधा! चांगला कार्बुरेटर!"

"एकदा विचारलं असतंत मला, 'तू चालवतेस का?' म्हणून. प्लगला विचारलंत, टायरला विचारलंत."

 वॉल्टरला एक अक्षर कळलं नव्हतं, पण बहुतेक सगळं कळलं होतं. त्याने बोट फॉर्मच्या खालच्या चौकोनावर ठेवलं. "इथे खूण केलीत की झालं. 'आकडा खरा नाही.' मला चालेल. चालवून बघितलीय मी. आत्ता घेऊन जातो."

म्हणजे विकणं थांबवायला आता कुठलाच नियम उरला नव्हता. पेन जगन्नाथरावांच्या हातात, चौकोन समोर.  सुमेधाने विनंती केली नाही. मी तिच्या जागी असते तर रडून घेतलं असतं. रडणं पुष्कळदा कामाला येतं. ती नुसती उभी राहिली.

"कुठे कुठे गेलीस?" त्यांनी विचारलं.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. दुधाचा हिशोब लिहितात तशा बारीक अक्षरात तारखांखाली लिहिलेलं होतं, लायब्ररी, पोस्ट, मालिनी, लायब्ररी, 'ऑ.', एल्जिन, 'ऑ.'

त्यांनी आठही महिने उलटले. मग वही मिटली.

"मिस्टर नोवाक," ते म्हणाले, "माफ करा. वही अपुरी आहे. अपुरी वही मी कुणाला देत नाही."

"पुरी कधी होईल?"

"सांगता येत नाही."

वॉल्टर उठला, दारात जाऊन रॅम्बलरकडे एकदा बघितलं. "मी वाट बघणारा माणूस आहे," म्हणाला. "पण बाई, तुम्ही ते दार हळू लावत जा."

रविवारी सकाळी दहाला जगन्नाथरावांचा मला फोन. "वहिनी, या. केबल तुम्ही शिकवलीत ना? मग साक्षीलाही तुम्हीच."

केबल जोडलेली होती. सुमेधा स्टिअरिंगवर, ते शेजारी वही आणि कॅलेंडर घेऊन, मी मागे. जिथे जिथे ती गेली होती तिथे तिथे पुन्हा जायचं आणि मैल मोजायचे. लायब्ररी, जाऊन-येऊन, गुणिले अठ्ठावीस. पोस्ट. माझं घर. एल्जिन, दोनदा. ते आकडे सोडून एक शब्द बोलत नव्हते आणि ती आकडेसुद्धा बोलत नव्हती. अशा गाडीत मागे बसण्यापेक्षा दात काढून घेतलेला बरा.

"हे 'ऑ.' काय?"

तिने उत्तर न देता गाडी वळवली. साडेआठ मैलांवर त्यांच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये थांबवली.

"अकरा वेळा?" त्यांनी कॅलेंडर पुन्हा मोजलं. "इथे कशाला?"

"आधी मला दुसरा लांबचा रस्ता येत नव्हता. तुमच्या शेजारी बसून पाठ झालेला हा एकच." ती समोर बघत होती. "तिसऱ्या मजल्यावर डावीकडून दुसरी खिडकी ना? एकदा तुम्ही उभे होतात तिथे, डबा खात. मग मी परत गेले."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं.  मग लिहिलं, साडेआठ गुणिले दोन गुणिले अकरा. बेरीज केली.

"पाचशे सत्त्याऐंशी. त्रेपन्न कमी पडतात."

"ते वाट चुकले तेव्हाचे."

"एवढे?"

"सुरुवातीला फार चुकायची मी."

त्यांनी वहीत ओळ ओढली: 'चुकलेल्या वाटा, ५३.' मग खिशातून जुडगा काढला. झाकणाची ती बुटकी किल्ली कडीतून निघता निघेना, नख तुटलं. निघाली तेव्हा त्यांनी ती मीटरखालच्या फळीवर ठेवली.

"काठोकाठ भरायची. आणि दर वेळी लिहायचं."

"उद्या भरायला वेळ नाही होणार. आत्ताच भरू," सुमेधा म्हणाली, आणि पहिला गियर टाकला.

गाडीने असा गचका दिला की माझं डोकं छताला लागलं. जगन्नाथरावांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला, तोंड उघडलं, आणि मिटलं.