दोघांसाठी केलेला पाट

काशीराम आणि बकुळा यांचे लग्न झाले ते वर्ष १९७६. त्याच वर्षी मी पाट झालो. त्याआधी मी पूर्णगडच्या एका होडीसाठी कापलेली फणसाची फळी होतो. होडी पुरी झाली आणि माझा तुकडा उरला. काशीराम होड्या बांधणारा सुतार. त्याने मला रंधा मारला, खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि नव्या नवरीपुढे आणून ठेवले. मित्रांनो, मी इतर पाटांपेक्षा लांब आहे. दोन माणसे शेजारी बसतील एवढा.

हे घर ख्रिस्ती. चर्च रत्नागिरीला, एसटीने तासभराच्या वाटेवर. पावसाळ्यात कित्येक रविवार चुकत. बकुळाला वाचता येत नव्हते, त्यामुळे बायबल रुमालात गुंडाळून फडताळात ठेवलेले असे. पण रोज सकाळी चुलीवर चहाचे आधण ठेवले की ती माझ्यावर बसे आणि देवाशी बोले. मोठ्याने बोले.

"बापा, विनोदला काल ताप होता. आता उतरलाय, तुझे उपकार. काल मथुराशी भांडले. चूक तिचीच होती, पण तोंड मी आधी उघडलं. तिला आज माझ्याशी बोलू दे."

विनोद हा तिचा मुलगा. मथुरा ही शेजारीण, मासे विकायला जाणारी. कुंपणापलीकडून ती सगळे ऐके.

"अगो बकुळा, देवाशी बोलतेस की माझ्या चहाड्या करतेस?"

मग दोघी हसत, आणि भांडण तिथेच मिटे.

काशीराम तेव्हा पडवीत करवतीला धार लावत बसलेला असे. तिथूनच तो ओरडे, "माझं पण सांग गो त्याला!"

"तुमची जीभ कुणी नेलीन? या, जागा आहे. बसा."

"दोघं एकदम बोललो तर त्याचा गोंधळ होईल. तूच सांग."

बकुळा त्याचे सांगे. त्याची दुखरी पाठ, त्याची अर्धी राहिलेली होडी. ही थट्टा वर्षानुवर्षे चालली. पण तो कामाला गेला की ती माझ्या रिकाम्या बाजूवर हात ठेवी आणि हळूच म्हणे, "बापा, यांना एकदा तरी तुझ्यासमोर बसव." ती स्वतःसाठी फारसे काही मागत नसे. हे मात्र रोज मागे.

त्या काळात माझी निगा चांगली होती. बकुळा मला महिन्यातून एकदा खोबरेल तेल चोळी. रत्नागिरीहून कोणी चर्चची माणसे आली की माझ्यावरून हात फिरवत आणि काशीरामच्या हाताची तारीफ करत. मला अभिमान वाटे. काशीराम मात्र त्या वेळी विडी ओढायला बाहेर जाई.

पुढे विनोद मुंबईला नोकरीला लागला. त्याने घरात फरशी घातली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. बकुळाचे गुडघे धरू लागले होते, म्हणून ती खुर्चीवर बसू लागली. विनोदने तिला मोबाइलही दिला. त्यावर रोज सकाळी कोणा उपदेशकाची प्रार्थना येई.

"आई, आता हे ऐकत जा. तुला काही बोलायला नको."

तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "छान बोलतात रे. पण यांना मथुरा कुठे माहीत आहे?"

खुर्चीवरून तिचे बोलणे चालूच राहिले. मी मात्र मागीलदारी पाण्याच्या पिंपाखाली गेलो. दोन वर्षे माझ्यावर पाणी ठिबकले. माझा एक कोपरा कुजला.

२०२३ च्या जुलैत बकुळाला अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. इस्पितळातून तिला घरी आणले, खाटेवर निजवले. दुसऱ्या सकाळी चहाच्या वेळी ती बेचैन झाली. डावा हात उचलून ती काशीरामकडे बोट दाखवी आणि मग जमिनीकडे. त्याने पाणी दिले. चहा दिला. उशी बदलली. हात पुन्हा वर. रोज असेच होऊ लागले.

शेवटी मथुरा आली आणि बघताच म्हणाली, "भावोजी, ही तिची देवाशी बोलायची वेळ. तिला आता बोलता येत नाही. तुम्ही बोला."

"मी? मला कुठे येतंय ते?"

"मग इतकी वर्षं पडवीतून काय शिकलात? करवत घासायला?"

काशीरामने विनोदला फोन केला. विनोदने चर्चच्या पाळकसाहेबांना पाठवले. त्यांनी खाटेजवळ उभे राहून मनापासून प्रार्थना केली. दुसऱ्या सकाळी हात पुन्हा वर. काशीरामने मोबाइल लावला. बकुळाने तोंड भिंतीकडे फिरवले.

तेव्हा तो मागीलदारी आला. पिंपातले पाणी ओतून त्याने मला बाहेर ओढले, घासून धुतले, कुजलेला कोपरा तासून टाकला. मला खाटेजवळ मांडले आणि तो बसला. त्या दिवशी त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने घसा खाकरला.

"बापा, मी काशीराम. बकुळाचा नवरा."

सत्तेचाळीस वर्षे ज्याला रोज निरोप धाडले, त्याला तो आपली ओळख सांगत होता. मग एकदम म्हणाला, "दाभोळच्या जानूच्या होडीत मी किडकी फळी घातली होती. तीस वर्षं झाली. घाई होती. मला ठाऊक होतं, तरी वरून रंग मारला. खाडीच्या तोंडाशी होडी बुडाली. जानू पोहून वाचला. सगळे म्हणाले, त्यानेच खडकावर घातली. मीही मान हलवली. तो बोल घेऊनच जानू मेला. तुझ्यासमोर बसलो असतो तर हेच सांगावं लागलं असतं. आधी नुसती थट्टा होती, पण त्यानंतर म्हणूनच बसलो नाही."

बकुळाला हे ठाऊक नव्हते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिने डावा हात पुढे केला, त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

त्यानंतर तो रोज बसला. गळक्या कौलांचे, मथुराने आणलेल्या पेजेचे, जानूच्या मुलांना भेटायला जायचे, असे काहीबाही तो बोले. बकुळा ऐके. अशा सात सकाळी त्यांना मिळाल्या.

मित्रांनो, मी लाकूड आहे. माझी हेळसांड झाली तर कोपरा तासून पुन्हा कामाला येतो. माणसांचे तसे नाही. तुमच्या घरात कोणी रोज देवाशी बोलत असेल, तर आपले बोलणे त्यांच्या गळ्यात टाकून लांब बसू नका. उद्या सकाळी जाऊन त्यांच्या शेजारी बसा. नीट बोलता आले नाही तरी चालेल. लपवलेले सांगावे लागेल, म्हणून तर मुळीच टाळू नका.

काशीराम अजून रोज बसतो. पण त्याचे बोलणे ऐकून डोक्यावर हात ठेवणारे आता घरात कोणी नाही.

बकुळा शनिवारी, १९ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी वारली. ती सहासष्ट वर्षांची होती.