गाडीतलं अळू

भांडुपच्या चंद्रप्रकाश सावंतला जुन्या मोटारींचं वेड होतं. वेड म्हणजे किती, तर चाळीमागं दोन सांगाडे आधीच ताडपत्रीखाली निजलेले, आणि तिसरा आणलास तर मी माहेरी जाते, असं बायकोनं, लतानं, बजावून ठेवलेलं. तरी पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात पार्ल्याच्या एका बंगलीमागं त्याला ती दिसली आणि गडी जागच्या जागी गार झाला. उघडी, दोन सीटची, लांब नाकाची विलायती स्पोर्ट्स कार. अशी गाडी त्यानं फक्त रद्दीतल्या मासिकांत पाहिली होती.

तिच्यात अळू लावलेलं होतं.

मालकीण रत्नप्रभाकाकी मालवणकडच्या, घरात एकट्या. यजमान गेले, गाडी बंद पडली, तळ गंजला, सीटा कुजल्या, न्हाणीचं पाणी तिकडं वळलं; मग काकींनी जागा वाया जाऊ दिली नाही इतकंच. स्टिअरिंगभोवती हातभर पानं डुलत होती. असं न खाजणारं अळू अख्ख्या पार्ल्यात नाही, असं काकींचं म्हणणं. चंद्रप्रकाशनं गाडीची थोरवी सांगितली, काकींनी अळूची, आणि दोघंही एकमेकांचं ऐकेनात.

दसऱ्यानंतर बंगली पाडणार होते. काकी बोरिवलीला मुलाच्या तळमजल्यावरच्या ब्लॉकमध्ये जाणार, आणि गाडी तोडायला भंगारवाला ठरलेला. चंद्रप्रकाशची झोप उडाली. काकींची अट एकच: अळू बोरिवलीला रुजलं आणि तिथंही खाजलं नाही, तर गाडी त्याची. नाहीतर भंगारवाला आहेच.

मग काय, स्वारीनं मातीसकट अळूचे कांदे बादल्यांत भरून बोरिवलीला नेले, तिथल्या मोरीमागं लावले, शेणखत घातलं, दर रविवारी जाऊन पानं गोंजारली. माझी एवढी काळजी कधी घेतली होतीस, असं लतानं विचारल्यावर तो रिकामी बादली उचलून बाहेर पडला, आणि तेच शहाणपणाचं होतं.

दसरा तोंडावर आला तेव्हा काकी बोरिवलीला आल्या आणि त्यांनी स्वतः त्या अळूचं फतफतं रांधलं. चंद्रप्रकाशला पहिल्याच घासाला घशात काटे टोचले. जीभ जड झाली, डोळे भरून आले. समोर काकी पळी घेऊन उभ्या. त्याला गाडीचं ते लांब नाक आठवलं, त्यावर पडणारा घण दिसला, आणि मग मात्र त्याला खरंच रडू यायला लागलं.

"झकास झालंय, काकी," तो म्हणाला. आणखी एक वाटी त्यानं मागून घेतली आणि तीही संपवली.

काकींनी पळीतलं थेंबभर चाखलं. घसा खाकरला. मग त्यांनी पळी खाली ठेवली.

"माझो घोवय त्या गाडीसाठी असोच खोटा बोलायचो," त्या यजमानांच्या आठवणीनं म्हणाल्या. "ढकलीत घराक आणी, आणि म्हणी, झकास चालता." त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि बरणीतलं आमसूल काढून त्याच्या हातावर ठेवलं. "ह्या चोख आधी. मगे जा, घेवन ये तुझी गाडी."