एकतीस नंबरची खबर

आमच्या जिद्दतच्या वाळवंटातल्या माणसाच्या घराला आग लागलेली असली, तरी तो आधी "खुशाल आहे" म्हणणार. दोन माणसं भेटली की एकाने विचारायचं, "काय खबर?" दुसऱ्याने म्हणायचं, "खबर नाही, खुशाल." मग कॉफी. उजव्या हातात कप, एक, दोन, तीन. तिसरा कप "पुरे" म्हणून हलवून परत दिला, की मग सावकाश खरी खबर काढायची. कुणाची उंटीण मेली, कोण आजारी पडलं, कुणाचं लग्न मोडलं, ते सगळं मग. लांबून उन्हातून आलेल्या माणसाच्या डोक्यावर आल्या आल्या दुःख ओतू नये म्हणून कुणीतरी ही रीत घातली. रीत चांगली आहे, तिला नावं ठेवायचं काही कारण नाही.

लुवैही मात्र गेले पाच आठवडे मनातल्या मनात तिला शिव्या घालत होता.

गुरुवारी दुपारी त्याला तेलाच्या फील्डवरच्या ऑफिसात बोलावणं आलं. सुरक्षेचा साहेब हैथम समुद्राकाठच्या गावचा, वयाने लहान, वागायला गोड. त्याने उठून खुर्ची पुढे केली.

"बसा काका. अपघाताची चौकशी संपली एकदाची. तुमची सही तेवढी राहिलीय."

"काय लिहिलंय त्यात?"

"मुबखूतची चूक. त्याने ब्रेक नीट ओढला नाही आणि साखळीही लावली नाही." हैथमने आवाज खाली आणला. "मलाही वाईट वाटतं, काका. तुमचा मेहुणा आहे. पट्टा तेव्हा घसरून जळाला, त्यावरून आता काही कळत नाही. पण ब्रेक चांगला होता ना! सकाळी पाळी बदलताना रजिस्टरात तुम्हीच लिहिलंय. हे बघा."

त्याने रजिस्टर फिरवून समोर धरलं. विहीर नंबर एकतीस, आणि पुढे लुवैहीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एकच शब्द: खुशाल.

"मग आता मुबखूतचं काय?"

"चूक त्याचीच ठरली की त्याला परत घेता येत नाही. यंत्राचा दोष असता, तर कंट्रोल रूममध्ये बसवला असता. तिथे एका हाताने काम होतं." हैथमने पेन पुढे केलं. लुवैहीने ते घेतलं, उघडलं, परत झाकण लावलं. म्हणाला, चष्मा घरी राहिला. चष्मा त्याच्या खिशात होता.

"घाई नाही. रविवारी करा," हैथम म्हणाला.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं. हे आमचं फील्ड म्हातारं झालंय. शंभर पिंपं वर ओढली तर चौऱ्याण्णव पाण्याची निघतात. नवीन विहिरींच्या पोटात विजेचे पंप सोडलेत, ते खाली कुठेतरी फिरत असतात, वर आवाज नाही की हालचाल नाही. जुने मुंडी हलवणारे पंप फक्त चार उरलेत. आमचे लोक त्यांना सांडणी म्हणतात, कारण ते तशाच मान वर-खाली करत दिवसभर चालतात. एका बाजूला लोखंडी मुंडी, तिला टांगलेला दांडा विहिरीत खाली गेलेला, आणि दुसऱ्या बाजूला टनावारी वजनं. चालू असते तोवर सांडणी गरीब. थांबवली की सगळं ओझं एका ब्रेकवर येतं, म्हणून हात घालण्याआधी साखळीने बांधायची असा नियम.

त्या चार सांडण्या लुवैही आणि मुबखूत सांभाळत. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची. मुबखूतचा हात तर फील्डभर नावाजलेला. चालत्या दांड्यावर उजवा तळवा नुसता टेकवायचा आणि सांगायचा, "खाली तेल कमी पडतंय, आपटतोय पंप, जरा हळू चालवा." इंजिनीअर यंत्र लावून तपासायचे आणि तेच निघायचं. लुवैही त्याला चिडवायचा, "माझ्या बहिणीची नाडी बघ कधीतरी, ती का आपटतेय ते सांग." मुबखूत म्हणायचा, "ती विहीर माझ्या हाताबाहेरची आहे बाबा."

त्या सकाळी शेवटची फेरी मारताना लुवैहीला एकतीस नंबरचं ग्लँड गळताना दिसलं. ग्लँड म्हणजे दांडा जिथून विहिरीत शिरतो तिथलं तोंड. त्याने सांडणी थांबवली, ब्रेक ओढला आणि पाना लावायला वाकला. एवढ्यात डोक्यावर कुरकुर झाली आणि मुंडी वीतभर खाली आली. त्याने हात मागे घेतला म्हणून वाचला. ब्रेकचा पट्टा पार झिजला होता. ग्लँड तसंच टाकून त्याने सांडणी चालू केली आणि ठरवलं, मुबखूतला हे पहिलं सांगायचं.

खोलीवर आला तर मुबखूत स्टोव्ह पेटवून बसलेला. दुधाची किटली बाजूला, खजूर ताटलीत.

"काय खबर?"

"खबर नाही, खुशाल," लुवैही म्हणाला. जिभेला सवय. मग रजिस्टरातही तोच शब्द लिहिला, कारण वीस वर्षं तो पहिला तोच शब्द लिहीत आला होता. खरं काय ते मग खाली लिहायचं, कॉफी झाल्यावर.

पहिला कप झाला. दुसरा ओतला तोच रेडिओ खरखरला. टँकरवाला सांगत होता, एकतीस नंबरला तेल उडतंय, रस्त्यापर्यंत आलंय.

"मेली ही थेरडी, सकाळी सकाळी," म्हणत मुबखूत उठला. "तू पी निवांत. बाकीचं आल्यावर बोलू."

लुवैहीचं तोंड उघडलं होतं. पण मुबखूत दाराबाहेर पडला होता, आणि आमच्यात पाठमोऱ्या माणसाला हाक मारून सांगतात ती खबर एकच, कुणीतरी गेल्याची. ती अशुभ हाक त्याच्या घशातून निघेना. गाडी सुरू झाली. त्याने रेडिओ हातात घेतला. रेडिओवर तर अख्खं फील्ड ऐकतं. चार इंजिनीअर विचारतील, पट्टा एवढा झिजेस्तोवर लुवैही काय झोपला होता का? त्याने रेडिओ खाली ठेवला. मुबखूत साखळी लावेलच, नियमच आहे, असं स्वतःला सांगितलं आणि दुसरा कप पिऊन टाकला.

साखळी लावली नव्हती. मुंडी खाली आली, दांड्याचा जाड लोखंडी चिमटा ग्लँडवर बसला आणि मध्ये मुबखूतचा उजवा हात होता.

शुक्रवारी नमाजानंतर लुवैही बहिणीच्या घरी निघाला. वाटेत सत्तर वेळा घोकलं. आधी सांगायचं. सलाम झाला की सांगायचं. कॉफी नाही, काही नाही.

मुबखूत पत्र्याच्या छपराखाली चटईवर बसला होता. उजवी बाही मनगटाशी दुमडून सुईने टाचलेली. सहा किलो तरी उतरला होता. शेळी त्याच्या पायाशी पेंढी ओढत होती आणि तो तिला हाकलतही नव्हता.

"ये. काय खबर?"

"खबर नाही, खुशाल," लुवैही म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. अरे, माणसाचा हात गेला या शब्दाने, आणि तू परत तोच?

आतून थमना कॉफी घेऊन आली. बहीण असली तरी महिनाभर ती त्याच्याशी मोजकंच बोलत होती. तिला काही माहीत नव्हतं, पण बायकांना वास येतो. तिने भावाला कप दिला. नवऱ्यापुढे किटली नेलीच नाही.

"त्याला?" लुवैहीने विचारलं.

"घेत नाहीत ते," थमना म्हणाली. "घरी आल्यापासून एक थेंब नाही."

"डाव्या हाताने कॉफी पिऊ का आता?" मुबखूत म्हणाला. "डाव्या हाताने काय काय करायला लागतं ते मी तुला सांगत नाही, बाबा. कॉफी तेवढी राहू दे."

"लोक येतात, बसतात, पितात आणि जातात," थमना म्हणाली. "हे पीत नाहीत म्हणून कुणी काही सांगतच नाही. भाऊबंदात तीन लग्नं ठरली, दादा, आणि यांना शेजारच्या ट्रान्झिस्टरवरनं पावसाची बातमी तेवढी कळते."

तिसरा कप होईस्तोवर थांबायचं, तर या घरात तिसरा कप कधीच होणार नव्हता. त्याने कप न पिता चटईवर ठेवला.

"मुबखूत, खबर आहे."

थमना किटली धरून तशीच उभी राहिली.

"एकतीसचा ब्रेक धरत नव्हता. मला माहीत होतं. तू तिथे गेलास त्याच्या तासाभर आधी माझ्या डोक्यावर मुंडी घसरली होती. मी तुला सांगणार होतो. तू उठलास. मग रेडिओ हातात घेतला आणि लाज वाटली म्हणून खाली ठेवला. आता ते लिहितायत की चूक तुझी. माझ्या सहीसाठी थांबलेत."

शेळीने कपाला तोंड लावलं, कॉफी चटईवर सांडली आणि कुणी ती पुसली नाही.

"मला माहीत होतं," मुबखूत म्हणाला.

"काय?"

"ब्रेक ओढला तेव्हाच कळलं. हलत्या दातासारखा लागला हाताला. वीस वर्षं हा हात कधी खोटं बोलला नाही मला." त्याने दुमडलेल्या बाहीकडे पाहिलं. "साखळी आणायला गाडीकडे चार पावलं गेलोसुद्धा. मग म्हटलं, छे! लुवैही आत्ता इथून आला. काही असतं तर बोलला असता. खुशाल म्हणाला ना तो. आणि परत फिरलो."

"अरे, पण ते खुशाल म्हणजे... ते तर सगळेच म्हणतात!"

"हो. सगळे म्हणतात. तू म्हणालास म्हणून मी खरं मानलं."

लुवैहीला वाटलं, यापेक्षा याने शिवी घातली असती, काठी घेतली असती, तर बरं झालं असतं. त्याला रडू आलं आणि ते त्याने दाबलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस बहिणीसमोर पोरासारखा हुंदके देत बसला. थमनाने खाली वाकून उपडा झालेला कप उचलला. भावाला तिने दुसरा दिला नाही.

"जा दादा आता," ती म्हणाली. "बाकीचं मला तुझ्याशी बोलायचंच नाहीये."

मुबखूतने तिला गप्प केलं नाही. लुवैही उठून बाहेर पडला तेव्हा त्याने मागून हाकही मारली नाही.

रविवारी सकाळी लुवैही पाळीवरून थेट ऑफिसात गेला. जाताना एकतीस नंबरपाशी क्षणभर थांबला होता. नवा पट्टा, नवा रंग, चकचकीत नवी साखळी खांबाला अडकवलेली. सांडणी मान हलवत होती, जणू काही झालंच नाही. त्याने दांड्यावर तळवा टेकवून पाहिला. त्याला काही कळलं नाही. गरम लोखंड, एवढंच.

हैथमने त्याला पाहून खुर्ची ओढली आणि थर्मासकडे हात नेला.

"या काका, या. चष्मा आणलात ना? काय खबर?"

लुवैही बसला नाही. पुढे केलेला कपही त्याने घेतला नाही.

"खबर आहे," तो उभ्यानेच म्हणाला. "एकतीस नंबरचा ब्रेक धरत नाही."

हैथम हसला. "काय काका! तो तर पाच आठवड्यांपूर्वीच बदलला. तुमच्यासमोरच तर बसवला."

"माहीत आहे, पोरा," लुवैही म्हणाला. "ही त्याच्या आधीची खबर आहे. रजिस्टर उघड आणि माझ्या नावापुढे लिही."