वरच्या वाडीची नोंद

वरच्या वाडीवर दरड कोसळली त्याला दोन महिने झाले होते. वाचलेली माणसं बोर्ली पंचतन गावाच्या अलीकडे पत्र्याच्या शेडींत राहत होती. करोनाची लस त्यांच्यापर्यंत पोचायला आजचा दिवस उजाडला, आणि पोचली तीही उंबऱ्यात अडली.

"आधार नाही तर नोंद नाही. नोंद नाही तर लस नाही," लॅपटॉपमागून प्रफुल्ल म्हणाला. माणूस वाईट नव्हता. कंत्राटावरचा ऑपरेटर, वरून सांगतील तसा चालणारा.

"आधार दरडीखाली हाय," ठमाबाई म्हणाली. "जा, खणून आण."

शेडीत कुणीतरी खुदकन हसलं. आरोग्यसेविका रचनाला मात्र हसू आलं नाही. कार्ड नसलेल्यांची यादी मंजूर करा म्हणून ती दहा दिवस तालुक्याला फोन करत होती. उत्तर ठरलेलं, "उद्या." इकडे पलीकडच्या शेडीत कालपासून दोघं तापाने फणफणलेले. आणि समोर बसली होती जनी, ठमाबाईची सून. नवरा दरडीत गेला. मांडीवर पाच महिन्यांचा लेक, पदराखालून एक पाय बाहेर काढून हवेत नाचवत होता. एवढ्याशा त्या पायामागे आता दोनच बायका उरल्या होत्या.

"अंगावर पितो. चालंल का?" जनीने हळूच विचारलं.

"चालेल गं. टोचून घे आणि खुशाल पाज."

"मॅडम, निघू या," प्रफुल्ल घड्याळ बघत म्हणाला. "उद्या दुसऱ्या गावाला जायचंय."

रचनाने निळ्या डब्यातून लशीची बाटली काढली, टिचकीने झाकण उडवलं, पहिला डोस भरला आणि बाटलीवर पेनाने वेळ लिहिली. अकरा वीस.

"अहो, हे काय केलंत!"

"उघडली. आता चार तास टिकेल. दहा डोस आहेत. या माणसांना द्यायचे, नाहीतर कचऱ्यात. कचऱ्यात टाकायचे असतील तर तुम्ही टाका. या पोराच्या आईसमोर."

प्रफुल्लने थेट तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कुणाला विचारून उघडली?" स्पीकर कडाडला.

"कुणालाच नाही, सर. त्यांची कार्डं गाडली गेलीत. माणसं जिवंत आहेत."

"संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा पाहिजे मला!"

"देते, सर. आधी दहा जण होऊ देत."

तिकडून फोन आदळला गेला. रचना जनीकडे वळली, तर मध्ये ठमाबाई उभी.

"थांब. चोरून टोचून घेनार न्हाय आमी."

"आजी, चोरून कुठे?"

"ह्याच्या पेटीत नाव न्हाय, म्हंजे चोरूनच. दरड पडली तवा बी सायेब म्हनला, कागदावर तुमची वाडीच न्हाय. आज लिव. माझं नाव, सुनेचं नाव, वाडीचं नाव. मग लाव सुई."

रचनाने भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. प्रफुल्लने लॅपटॉप मिटला आणि पिशवीतून जाड रजिस्टर काढलं.

"बोला आजी. शिक्का मॅडमचा आहेच."

"वाडीचं नाव मोठं लिव. शाई वाचवू नकोस."

सुई जनीला टोचली आणि भोकाड पसरलं पोराने.

"आता गं बया! टोचलं कुनाला?" ठमाबाई म्हणाली, तशी सगळी शेड हसली. जनीसुद्धा. दरडीनंतर पहिल्यांदाच.

दहावा डोस संपला तेव्हा दोन वाजत आले होते. रचना तिथेच पाट ओढून खुलासा लिहायला बसली. 'बाटली उघडण्याचे कारण' असं लिहिलं आणि खाली एकाखाली एक दहा नावं. शेवटी एक ओळ: 'दुसरा डोस चौऱ्याऐंशी दिवसांनी याच शेडीत मीच देणार आहे.'

"काय लिवलंस?"

रचनाने वाचून दाखवलं.

"मंग खाली माझा बी अंगठा घे," ठमाबाई म्हणाली. "तुला एकटीलाच कशापायी वरडतील?"

रचना नको म्हणेपर्यंत म्हातारीने शिक्क्याच्या पॅडवर अंगठा दाबलासुद्धा. मागोमाग बाकीचे सरसावले. जनी सातवी शिकलेली. तिने पोर सासूकडे दिलं, पेन मागून घेतलं आणि सावकाश सही केली. पूर्ण नावाची, नवऱ्याच्या नावासकट.