आईची गल्ली

"तुझी आई जिवंत आहे, विल्फ," नोरीननं सांगितलं आणि पत्र नवऱ्यासमोर ठेवलं. विल्फ ग्रीसनं माखलेले हात पुसत होता. तो पुसतच राहिला.

ऑस्ट्रेलियात, पर्थच्या पूर्वेला, गव्हाच्या मुलखात विल्फ हॅडो पवनचक्क्यांचे पंप दुरुस्त करायचा. सहा वर्षांचा असताना इंग्लंडातल्या अनाथाश्रमानं त्याला इतर पोरांसोबत बोटीत बसवून इकडे धाडलं होतं. तुझं कुणी उरलेलं नाही, असं सांगून. इथल्या आश्रमाच्या शेतावर त्यानं दगड वेचले, मार खाल्ला आणि सहीपुरतं शिकला. म्हणून पत्रं नोरीन लिहायची. चर्चना, नोंदणी कचेऱ्यांना, सलग नऊ वर्षं. आश्रमानं जन्मतारीखच चुकीची लिहिली होती, त्यामुळे माग लागत नव्हता.

आणि आता लागला, तर विल्फ उखडला. जिनं टाकून दिलं तिच्याशी बोलायचं तरी काय, म्हणाला. नोरीननं वाद घातला नाही. पत्रातला, इंग्लंडातल्या हल शहरातला नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

पलीकडून म्हातारा, पण ठाम आवाज आला. "क्षयाच्या इस्पितळातून सुटले ती तडक तुला न्यायला आश्रमात आले रे. म्हणाले, चांगल्या घरी दत्तक दिलाय. मी कशावरही सही केली नव्हती, विल्फी."

बेचाळीस वर्षांत त्याला विल्फी कुणी म्हटलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "येतो मी, आई."

जूनमध्ये नवराबायको हलला पोचली. एकाहत्तर वर्षांची एडिथ दारातच उभी होती. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानामागची जन्मखूण पाहिली आणि काठी उचलली. चहा नंतर, म्हणाली.

मग ती त्याला घेऊन गल्लीतल्या एकेका दाराशी गेली. बिनलग्नाची आई म्हणून इथंच तिनं टोमणे ऐकले होते, मान खाली घातली होती. आता ती प्रत्येक दार वाजवून ताठ मानेनं सांगत होती, "हा माझा मुलगा."

कुणी मिठी मारली, कुणी डोळे पुसले. एकीनं माफी मागितली.

शेवटच्या घरी कुणीच नव्हतं. नंतर येऊ, असं विल्फनं सुचवलं. एडिथनं त्याच्या दंडात हात घातला आणि पायरीवर पाय रोवून उभी राहिली.

"थांबू," ती म्हणाली. "येतील ते."