सातवी खुर्ची

माणसाचं मन हा या विश्वातला शेवटचा अनोळखी मुलूख आहे, आणि त्याचा शोध घेण्यापरतं मोठं काम नाही. हे वाक्य प्रा. कपिल रोकडे दर जूनमध्ये प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला म्हणत, आणि म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली जाई. यंदा तो पुरता खाली जायच्या आत मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ह्या विषयाचे तास सकाळीच असतात ना?"

सर हो म्हणाले. त्याबरोबर सात-आठ पोरांनी समाधानानं वह्या उघडल्या. मानसशास्त्र घेतलं की दुपारच्या आत घरी जाऊन टोमॅटोला पाणी धरता येतं, ही त्या विषयाची तालुक्यातली खरी थोरवी होती.

मनाच्या मुलखाला कॉलेजनं जिमखान्यामागची एक खोली दिली होती. तीही अर्धीच. उरलेल्या अर्ध्या खोलीत श्रमदान शिबिराच्या कुदळी आणि घमेली असत. दारावर 'मानसशास्त्र प्रयोगशाळा' अशी पाटी होती आणि पाटीखाली कुणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं, 'घमेल्यांसाठी आत विचारा.' सरांनी ते दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पुसलं नाही, कारण लोक खरोखरच आत येऊन विचारत.

वीस वर्षं ते हा विषय शिकवत होते आणि वीस वर्षं जुन्नरच्या पेठेतला वाणी त्यांना म्हणत होता, "सर, माझ्या मनात काय चाललंय सांगा बघू." सुरुवातीला सर त्याला समजावून सांगत, की मानसशास्त्र म्हणजे मनकवडेपणा नव्हे, ती एक प्रायोगिक विद्याशाखा आहे वगैरे. हल्ली ते सरळ म्हणत, "तुमच्या मनात मला गेल्या वर्षीची तूरडाळ द्यायचं चाललंय." वाणी चाट पडे. विद्येवरचा त्याचा विश्वास आणखी वाढे आणि डाळ तीच मिळे.

हे सगळं सरांनी सोसलं असतं. खुपत होतं ते वेगळंच. रशियातल्या कुत्र्याची लाळ, अमेरिकेतले उंदीर, कुठल्याशा बेटावर खोकी रचून केळी काढणारी माकडं, हे सगळं त्यांनी वीस वर्षं परक्याच्या लग्नात पंगत वाढावी तसं वाढलं होतं. स्वतःचा म्हणावा असा एक प्रयोग नव्हता. लाळ गाळणारं एक गावठी कुत्रंही त्यांच्या नावावर नव्हतं.

त्यात प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "रोकडे, सहयोगी प्राध्यापक व्हायचंय ना? दिवाळीनंतर निवड समिती बसतेय. तुमचा एक शोधनिबंध कमी पडतोय. तेवढं उरका."

तेवढं कसं उरकायचं, हे कॉमर्सच्या सुदर्शन औटींनी स्टाफरूममध्ये फुकट सांगितलं. "अहो, प्रश्नावली घ्यायची आणि मॅच लावून बसायचं. एका डावात पुरुषांचे फॉर्म भरून होतात. ब्रेकमध्ये स्त्रियांचे."

"आणि खरी माणसं?"

"खऱ्या माणसांचा डेटा कधी नीट येतो का, राव?" औटी कळवळून म्हणाले.

रोकडे सरांनी मात्र ठरवलं, की होईल ते खरं होईल आणि आपलं होईल. त्यांनी रेघांचा प्रयोग निवडला. प्रयोग जुना आणि परदेशी, पण सोपा. एका कार्डावर एक उभी रेघ. दुसऱ्या कार्डावर तीन रेघा, अ, ब आणि क. पहिल्या रेघेएवढी कोणती, एवढंच सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल. मेख अशी, की ओळीनं सात खुर्च्या मांडायच्या. पहिल्या सहांवर पढवलेली माणसं बसवायची आणि त्यांनी एकामागून एक ठामपणे चुकीचं उत्तर द्यायचं. सातव्या खुर्चीवरच्याला यातलं काही ठाऊक नसतं. तो आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो की लोकांवर, ते बघायचं. तिकडची माणसं तीनातून एकदा लोकांमागे गेली होती. आपल्याकडे खेड्यात हे कुणी करून पाहिल्याचं सरांच्या ऐकिवात नव्हतं.

कॉलेजात जमलं नाही. सकाळी पढवलेली पोरं दुपारपर्यंत सगळं ग्रुपवर टाकून मोकळी झाली. तेव्हा तिसऱ्या वर्षाची वृषाली म्हणाली, "सर, आमच्या गावी चला, आण्याला. पठारावर आहे, रेंज येत नाही. माझे चुलते कुशाबा डेअरीचे सेक्रेटरी आहेत, ते माणसं देतील."

रेंज येत नाही हे ऐकून सरांना गहिवरून आलं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी डेअरीत तालीम झाली. कुशाबानं आपल्यासकट सहा जण जमवले होते.

"सर, पण ब तर आखूड दिसतीय," कुशाबा म्हणाला.

"ती आखूडच आहे."

"मग ब कशापायी म्हणायचं?"

"मुद्दाम. चुकीचंच सांगायचं, पण सगळ्यांनी एकच."

"म्हंजी ग्रामसभेत करतो तसं."

"जवळजवळ," सर म्हणाले. "आणि सातव्याला कळता कामा नये. काहीही झालं तरी."

"छ्या! आमी लहान हाय का?" सहाही जणांनी गळ्याला हात लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून झाल्यावर डेअरीच्या ओट्यावर सात खुर्च्या मांडल्या गेल्या. सरांनी अजून कुणाला बोलावलंही नव्हतं, तोच माजी सरपंच चांगदेवअण्णा हजर झाले. जुन्नरचे प्रोफेसर येणार आणि आपण नसणार, हे त्यांना बरं दिसलं नव्हतं. सहाच्या सहा माणसं उभी राहिली. रिकामी होती ती सातवी खुर्ची, अगदी कडेला, दुधाच्या कॅनजवळ.

"अण्णा, तिकडं कॅनापाशी? शोभतं का ते? हितं या," म्हणून कुशाबानं आपली पहिली खुर्ची पुसून दिली.

"अण्णा शेवटी बसले तरच प्रयोग..." सर म्हणू लागले.

"सर, अण्णा गावात कधी शेवटी बसलं न्हाईत," कुशाबा म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती.

सरांनी मनातल्या मनात दहा आकडे मोजले आणि कार्ड उचललं. अण्णांनी चष्मा सारखा केला. "क."

आता दुसऱ्या खुर्चीवर सरकलेला कुशाबा म्हणाला, "क."

"क." "क." "क." "क." सहांतला शेवटचा, सरकत सातव्या खुर्चीवर जाऊन पडलेला सयाजी मघापासून फोनवर गेम खेळत होता. तो म्हणाला, "अण्णा म्हणलं ते."

सरांनी कुशाबाला कॅनच्या आड नेलं. "अहो, तुम्ही ब म्हणणार होतात!"

"व्हतो की. पण अण्णा क म्हणलं."

"ते बरोबरच म्हणाले! म्हणून तर तुम्ही चुकीचं..."

"सर," कुशाबा समजुतीनं म्हणाला, "तुमी दुपारी एसटीत बसून जुन्नरला जाल. आमाला ह्याच खुर्च्यांवर बसायचंय."

अण्णांना चहा देऊन, नमस्कार करून, वाटेला लावून प्रयोग पुन्हा सुरू झाला. यावेळी मात्र पाणी नीट वाहू लागलं. सहा जण खणखणीत 'ब' म्हणाले. सातव्या खुर्चीवरचा भागू ट्रॅक्टरवाला क्षणभरही न अडखळता 'ब' म्हणाला. त्याच्यामागून आलेला मास्तर 'ब' म्हणाला. किराणावाला 'ब' म्हणाला, त्याची सून डोक्यावरचा पदर सावरत 'ब' म्हणाली. नाष्ट्याच्या वेळेपर्यंत निम्मं गाव कॅनजवळच्या खुर्चीवर बसून 'ब' म्हणून गेलं. सरांनी वहीत बेरीज केली. तिकडे तीनातून एकदा, आणि इथे शंभर टक्के! लाळ गाळणारं कुत्रं त्यांना समोर दिसू लागलं.

शेवटी वृषालीची आजी आली, बयाबाई. खुर्चीत टेकली, गुडघे चोळले आणि सर कार्डाला हात घालणार एवढ्यात म्हणाली, "ब."

"आजी, मी अजून दाखवलं नाही."

"दाखवून काय करतो, बाबा? चष्मा घरी हाय. ब म्हणायचंय ना? काल सांजच्याला देवळाच्या स्पीकरवर सांगितलंय की."

वृषालीनं ओढणीत तोंड लपवलं. सरांनी कुशाबाकडे बघितलं. कुशाबाला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "सर, तुमी एवढ्या लांबून आला. एखाद्या येड्यानं क म्हणून तुमचा प्रयोग पाडला असता, तर गावाची काय अब्रू ऱ्हायली असती?"

"पण काल तुम्ही शपथ घेतलीत!"

"सातव्याला सांगायचं न्हाई म्हणलं व्हतं. आमी सातव्याला एकट्याला कुटं सांगितलं? समद्या गावाला सांगितलं."

सर आळेफाट्याला आले. स्टँडवर उभ्या उभ्या त्यांनी औटींना, कुशाबाला, देवळाच्या स्पीकरला आणि तो बसवणाऱ्या देणगीदाराला यथेच्छ शिव्या दिल्या, मनातल्या मनात. मग एसटी हलली, आणि ओतूर यायच्या सुमाराला त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्या पिशवीत काहीतरी आहे.

पढवलेली माणसंच एका म्हाताऱ्यापुढे वाकली होती. आणि मग, कुणी एकटं पडू नये, पाहुण्याचं हसं होऊ नये, म्हणून अख्खं गाव आदल्या संध्याकाळीच एकमेकांत सामील झालं होतं. कुणाला कळूच न देता सातव्या खुर्चीवर बसवायचं, हे या गावाला जमतच नव्हतं. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. हे खरं होतं, आणि त्यांचं होतं.

त्यांनी निबंध लिहिला. घमेल्यांच्या शेजारी बसून, मध्येमध्ये घमेली देत-घेत लिहिला. इतक्या आनंदानं त्यांनी वीस वर्षांत काही लिहिलं नव्हतं. नियतकालिकाकडून उत्तर आलं: 'प्रयोगातील साथीदारांनी सूचना पाळल्याचे दिसत नाही. प्रयोग पुन्हा करावा. शक्यतो दुसऱ्या गावी.'

त्याच आठवड्यात औटींचा 'ग्रामीण स्त्रियांचे कौटुंबिक समायोजन' हा निबंध छापून आला. सौ. औटी तेव्हा दोन महिने माहेरी होत्या.

निवड समितीच्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पुढचं सगळं त्या एका निबंधावर होतं, आणि तो छापलेला नव्हता. व्हरांड्यात मंचरहून आलेल्या विषयतज्ज्ञांनी त्यांचा हात धरला. "रोकडे, तुमची प्रत वाचली. फार वर्षांनी काहीतरी खरं वाचलं. छापलं नाही म्हणून काय झालं? मी आत बोलणार आहे."

सरांना एकदम हलकं वाटलं.

आत अर्धगोलात खुर्च्या होत्या. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नुसते साहेब म्हणत, मग सचिव, प्राचार्य, विद्यापीठाचे प्रतिनिधी, एक विषयतज्ज्ञ आणि मंचरचे विषयतज्ज्ञ. त्यांच्यापुढे, कडेला, वॉटर कूलरजवळ सरांची खुर्ची होती.

साहेबांनी फाइल उघडली. "हा प्रयोग फसला, असं लिहिलंय इथं."

"फसला नाही, साहेब. त्यातूनच असं दिसतं, की..."

"छापून आलंय का?"

"नाही."

"मग पुढच्या वर्षी बघू." साहेबांनी फाइल मिटून शेजारी पाहिलं.

"पुढच्या वर्षी," सचिव म्हणाले.

"पुढच्या वर्षी," प्राचार्य म्हणाले.

विद्यापीठाचे प्रतिनिधी फोनमधून डोकं न काढता म्हणाले, "हो, पुढच्याच वर्षी." पहिल्या विषयतज्ज्ञांनी मान डोलावली. मंचरच्या तज्ज्ञांनी तोंड उघडलं. ते फाइलकडे बघत राहिले, मग पंख्याकडे. "पुढचंच वर्ष बरं पडेल," ते पंख्याला म्हणाले.

सरांना कुशाबाची फार आठवण आली. त्यानं निदान आदल्या दिवशी सांगून ठेवलं असतं.

साहेब तसे रीतभात जाणणारे. ते म्हणाले, "रोकडे सर, तुमचं काय म्हणणं? अगदी मोकळेपणानं सांगा हं."

सहाही जण कडेच्या खुर्चीकडे बघू लागले. रेघ सरांना स्वच्छ दिसत होती. किती लांब, किती आखूड, सगळं दिसत होतं. अशा वेळी एकानं जरी खरं उत्तर दिलं तरी बाकीच्यांची भीड चेपते, हे त्यांनी वीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं, अधोरेखित करून. परीक्षेला येतं म्हणून.

"योग्यच आहे, साहेब," सर म्हणाले.

बाहेर आले तर ऑफिसातल्या रत्नाताई पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन निघाल्या होत्या. "झालं का, सर?"

"पुढच्या वर्षी."

"हो, पुढच्याच वर्षी होणार ना. यंदा बढत्यांना स्थगिती आहे. गेल्या आठवड्यातच पत्र आलंय."

सर थांबले. "मग आज समिती कशाला बसली?"

रत्नाताईंनी गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला.

"मासवडीचं जेवण सांगून ठेवलं होतं, सर."